स्टीअरिंग तिरकं का राहतं? अलाईनमेंटबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

गाडी सरळ रस्त्याने नाकासमोर चालली आहे, पण स्टीअरिंगवरचं कंपनीचं चिन्ह एका बाजूला कललेलं आहे. पावसाळा सरत आला की ही तक्रार घेऊन येणाऱ्या गाड्यांची टायरच्या दुकानांपुढे रांग लागते. तिथलं उत्तर ठरलेलं असतं: "अलाईनमेंट गेलीय." गाडी डावीकडे ओढत असली तरी हेच उत्तर, नव्वदच्या वेगाला स्टीअरिंग थरथरत असलं तरी हेच, टायर आतल्या कडेने झिजला असला तरी हेच. खरं तर या चार तक्रारींची कारणं वेगवेगळी असतात आणि त्यातल्या काही अलाईनमेंटने सुटतच नाहीत. पैसे वाया जातात हे एक झालं. त्याहून वाईट म्हणजे खरा बिघाड जागच्या जागी राहतो, आणि तो स्टीअरिंगच्या सांध्यात किंवा ब्रेकमध्ये असेल तर जिवावर बेतू शकतो.

अलाईनमेंट म्हणजे चाकांचे कोन तपासून जागेवर आणणं. त्यातले तीन महत्त्वाचे. वरून पाहिलं तर दोन्ही चाकं समांतर आहेत की पुढून एकमेकांकडे वळलेली आहेत, हा टो. समोरून पाहिलं तर चाक उभं आहे की आत-बाहेर कललेलं आहे, हा कॅम्बर. आणि बाजूने पाहिलं तर चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो मागे किती झुकला आहे, हा कास्टर. सायकलचा पुढचा फोर्क मागे झुकलेला असतो, तसाच. वळण घेतल्यावर स्टीअरिंग आपोआप सरळ होतं, त्यात कास्टरचा मोठा वाटा असतो.

"स्टीअरिंग तिरकं आहे, म्हणजे गाडी ओढतेय"

या दोन तक्रारी वेगळ्या आहेत आणि निदानाची सुरुवात त्या वेगळ्या करण्यापासूनच व्हायला हवी. सपाट, मोकळ्या जागी पन्नासच्या आसपास वेग ठेवा आणि स्टीअरिंगवरची पकड सैल करा. हात पूर्ण सोडू नका. स्टीअरिंग कललेलं राहून गाडी सरळ जात असेल तर ते फक्त 'सेंटर'ला नाही. गाडी स्वतःहून बाजूला जाऊ लागली आणि तिला सरळ ठेवायला सतत जोर लावावा लागला, तर ती ओढतेय. पहिल्या प्रकारात संशय टोवर आणि मागच्या अ‍ॅक्सलवर जातो. दुसऱ्यात टायर, हवा, ब्रेक, कॅम्बर आणि कास्टर यांच्यावर.

पुढच्या चाकांचा टो चुकला की गाडी ओढते, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात तसं क्वचित होतं. दोन्ही पुढची चाकं टाय रॉडने एकमेकांशी जोडलेली असतात, त्यामुळे गाडी चालू लागली की चूक दोघांत सारखी वाटली जाते. गाडी सरळच जाते, फक्त स्टीअरिंग कलतं.

एक हिशोब मांडू. एखाद्या गाडीला दोन्ही चाकांचा मिळून टो 0.20 अंश हवा आहे, म्हणजे प्रत्येकी 0.10. आता डाव्या चाकाचा टो उणे 0.30 आणि उजव्याचा अधिक 0.50 राहिला असं समजा. बेरीज 0.20 च येते, म्हणजे अगदी बरोबर. रस्त्यावर मात्र चाकं 0.40 अंशांनी वळून प्रत्येकी 0.10 वर येतात. बहुतेक मोटारींत स्टीअरिंग साधारण 15-16 अंश फिरवलं की चाक एक अंश वळतं. म्हणून चाकांचा तो 0.40 अंश हातात सहा-साडेसहा अंश होऊन येतो. 37 सेंटिमीटर व्यासाच्या स्टीअरिंगची कड त्याने सुमारे दोन सेंटिमीटर सरकते. डोळ्यांना खुपतं ते हेच. टायरला मात्र याचा त्रास नाही, कारण बेरीज बरोबर आहे.

उलटही खरं आहे. स्टीअरिंग अगदी सरळ आहे, पण दोन्ही चाकं सारख्याच प्रमाणात आत वळलेली आहेत, अशी गाडी चालवताना काहीच जाणवत नाही, ती टायर मात्र खात राहते. 60 सेंटिमीटर व्यासाच्या चाकांना एकूण टो 3 मिलिमीटरने चुकला, तर प्रत्येक टायर किलोमीटरमागे सुमारे अडीच मीटर आडवा घासला जातो. दहा हजार किलोमीटरमध्ये ही आडवी घासण 25 किलोमीटरवर जाते. त्यामुळे स्टीअरिंग सरळ असणं हा अलाईनमेंट बरोबर असल्याचा पुरावा नव्हे. टायरवरून तळहात आडवा फिरवून पाहा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने नक्षीच्या कडा करवतीसारख्या टोचल्या, तर टो चुकलेला आहे. फक्त एकच कड सपाट झिजली असेल तर बहुधा कॅम्बर. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग शाबूत असेल तर हवा कमी ठेवली जातेय. मधलाच झिजला असेल तर जास्त.

"प्रिंटवर सगळं हिरवं आलं, म्हणजे काम चोख झालं"

सगळ्यात खोलवर रुजलेला गैरसमज हाच. थ्री-डी यंत्रात चारही चाकांना फलक लावतात, समोरचे कॅमेरे ते फलक टिपतात आणि संगणक कोन काढतो; मर्यादेत असलेला कोन हिरवा दिसतो, बाहेरचा लाल. यंत्र मोजमाप उत्तम करतं, पण रॉड फिरवणारा माणूसच असतो, आणि मोजण्याआधीची तयारीही त्याचीच.

काम सुरू करताना स्टीअरिंग बरोबर मध्यावर आणून होल्डरने पक्कं धरून ठेवावं लागतं. हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवून मध्य साधायचा, नाहीतर तो हमखास थोडा चुकतो. मध्य अंदाजाने धरला, किंवा चेकनट आवळताना स्टीअरिंग किंचित हललं, तर त्या तिरक्या स्थितीत पडद्यावर सगळं हिरवं दिसतं आणि गाडी रस्त्यावर आली की स्टीअरिंग कललेलं असतं. अलाईनमेंट केल्यानंतरच स्टीअरिंग तिरकं झालं, असं अनेक जण सांगतात. त्यामागे बहुतेक वेळा हे एवढंच असतं. उपाय सोपा आहे: एका बाजूचा टाय रॉड जेवढा लांबवायचा, तेवढाच दुसऱ्या बाजूचा आखूड करायचा. एकूण टो तसाच राहतो आणि स्टीअरिंग सरळ होतं. कुशल कारागिराला याला फार वेळ लागत नाही, आणि पहिल्याच फेरीत चुकलं असेल तर त्याने ते पुन्हा पैसे न घेता करून द्यायला हवं.

यंत्रावर गाडीचं मॉडेल निवडावं लागतं, कारण प्रत्येक मॉडेलचे कोन वेगळे असतात. चुकीचं मॉडेल निवडलं तर तो हिरवा रंग दुसऱ्याच गाडीचा असतो. प्रिंटवर सगळ्यात वर मॉडेलचं नाव छापलेलं असतं. तिथे नजर टाकायला काहीच लागत नाही.

मागची चाकं तर अनेकांच्या गावीच नसतात. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या मोटारींना मागे एकसंध बीम असतो आणि त्याचे कोन रोजच्या कामात बदलता येत नाहीत. हा बीम जोराच्या धक्क्याने किंचित तिरका झाला, की मागची चाकं गाडीला तिरकं ढकलतात आणि चालक नकळत पुढची चाकं वळवून ते भरून काढतो. गाडी सरळ जाते, स्टीअरिंग तिरकं राहतं. प्रिंटवर हा आकडा 'थ्रस्ट अँगल' म्हणून येतो. पुढच्या दोनच चाकांवर गेज किंवा दोरी लावून केलेल्या कामात तो कळायला मार्गच नसतो. घरच्या घरी तपासायचं असेल तर चाकं ओली करून कोरड्या फरशीवर गाडी सरळ न्या आणि ठसे पाहा. मागच्या चाकाचा ठसा डावीकडे पुढच्या ठशाच्या आत आणि उजवीकडे बाहेर पडत असेल, तर मागचा अ‍ॅक्सल काटकोनात नाही.

कॅम्बर आणि कास्टरचंही तेच. अनेक छोट्या गाड्यांत हे दोन्ही कोन कारखान्यातच ठरलेले असतात. दुकानात फक्त पुढचा टो बदलतो. कॅम्बर लाल आला तर त्याचा अर्थ चाक धरून ठेवणाऱ्या स्ट्रट, लोअर आर्म किंवा नकलपैकी काहीतरी वाकलं आहे, किंवा रबरी बुश गेला आहे. "थोडा लाल आहे, चालतं" हे उत्तर मान्य करू नका. काय वाकलंय ते विचारा.

"स्टीअरिंग काढून सरळ बसवून द्या"

हे करू देऊ नका. स्टीअरिंगमध्ये एअरबॅग असते, मागे तिला वीज पोहोचवणारी गुंडाळलेली पट्टी असते आणि अनेक गाड्यांत स्टीअरिंग किती फिरलं हे मोजणारा सेन्सरही असतो. स्टीअरिंग एका खाचेने सरकवून बसवलं की चिन्ह सरळ दिसतं, पण रॅक मध्यावर राहत नाही. गाडी एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी वळते, आणि स्थैर्य राखणाऱ्या यंत्रणेला स्टीअरिंगचा चुकीचा कोन मिळतो. आधी कोणीतरी स्टीअरिंग काढून चुकीच्या खाचेवर बसवलं असेल, तरच ते पुन्हा काढण्याला अर्थ आहे. मध्यापासून दोन्ही बाजूंना स्टीअरिंग किती फेरे फिरतं ते मोजलं की याचा उलगडा होतो.

"गाडी डावीकडे जातेय, अलाईनमेंटच गेली"

आपल्याकडे पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता बांधतात. उतार मीटरमागे साधारण दोन-अडीच सेंटिमीटर असतो. आपण डावीकडून चालतो, म्हणजे सतत त्या उतारावर असतो. पकड सैल केल्यावर गाडी हळूहळू डावीकडे सरकली तर तो दोष नाही. त्याच रस्त्याने परत येऊन तपासण्यातही अर्थ नाही, कारण परतीतही आपण डाव्याच उतारावर असतो. चाचणीला सपाट जागा हवी.

तिथेही ओढत असेल तर टायर गार असताना हवा मोजा; कमी हवेच्या बाजूला गाडी जाते. नंतर पुढचे टायर त्याच बाजूला मागे आणि मागचे पुढे लावून पाहा. रेडियल टायरमधले पट्टे बनवताना जरा एका बाजूला सरकले असतील, तर टायर स्वतःच गाडीला ओढतो आणि कितीही अलाईनमेंट केली तरी थांबत नाही. टायरच्या या अदलाबदलीने ओढ गेली किंवा कमी झाली, तर चोर सापडला. दहा-बारा किलोमीटर ब्रेक कमी वापरून चालवल्यावर एका रिमची धग शेजारच्या रिमपेक्षा बरीच जास्त लागत असेल, तर तिथला ब्रेक चिकटतोय. हात जवळ न्या, लावू नका. आणि फक्त ब्रेक दाबल्यावरच गाडी ओढत असेल तर टायरवाल्याकडे न जाता थेट ब्रेकचं काम करणाऱ्याकडे जा.

हे सगळं निर्दोष निघालं, तर मग कॅम्बर-कास्टर. जिकडे चाकाचा माथा जास्त बाहेर कललेला, तिकडे गाडी ओढते. जिकडे कास्टर कमी, तिकडेही.

"स्टीअरिंग थरथरतं, अलाईनमेंट करून घ्या"

ऐंशी-शंभरच्या वेगात सुरू होणारी थरथर बहुतेक वेळा बॅलन्सिंगची असते, नाहीतर वाकलेल्या रिमची. बॅलन्सिंगमध्ये चाक फिरवून हलक्या बाजूला वजन लावतात. हे वेगळं काम आहे आणि त्याचं यंत्रही वेगळं आहे.

"दर पाच हजारांनी केली की चिंता नको"

तपासणी नियमित असावी, त्याला आक्षेप नाही. पण कोन किलोमीटर मोजून बिघडत नाहीत. ते खड्ड्याने, दुभाजकाला घासल्याने, न दिसलेल्या गतिरोधकाने, नाहीतर झिजलेल्या बुशने बिघडतात. मुंबई-गोवा महामार्गावर पावसाळ्यात एकदा जाऊन आलेली गाडी आणि तेवढेच किलोमीटर द्रुतगती मार्गावर चाललेली गाडी यांना एकच वेळापत्रक लावणं चुकीचं आहे. सांधे ढिले असतील तर अलाईनमेंट त्याच दिवशी पुन्हा हलते. म्हणून रॅम्पवर चढवण्याआधी टाय रॉड एंड, बॉल जॉइंट आणि लोअर आर्मचे बुश हलवून पाहायला सांगा. हे न पाहता थेट फलक लावणाऱ्या दुकानातून परत फिरलेलं बरं.

काम झाल्यावर आधीचे आणि नंतरचे आकडे असलेली प्रिंट मागा आणि पैसे देण्यापूर्वी गाडी एक-दोन किलोमीटर चालवून बघा. आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. खड्ड्यात जोरात आदळल्यावर त्याच क्षणी स्टीअरिंग तिरकं झालं असेल, तर काहीतरी वाकलेलं किंवा निसटलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. अशी गाडी घाटात किंवा महामार्गावर नेऊ नका. जवळच्या मेकॅनिकला खालून बघू द्या, अलाईनमेंट त्यानंतर.