पॉवर स्टिअरिंगचं ऑईल जातं कुठे?

एका वाचकाने विचारलं आहे : स्टिअरिंग टोकापर्यंत वळवलं की बॉनेटखालून घूंऽऽ असा आवाज येतो. गॅरेजमध्ये दोनदा ऑईल भरून घेतलं, तरी पातळी पुन्हा खाली. गाडी ऑईल पिते का?

पीत नाही. इंजिन ऑईल थोडंफार जळतं, पण स्टिअरिंगचं ऑईल बंद वाटेने फिरतं. ते कमी झालं म्हणजे गळतंय. जमिनीवर थेंब दिसला नाही तरी गळतंय, कारण रॅकच्या टोकाचं सील गेलं की ऑईल रबरी बूटमध्ये साचत राहतं. पातळी फार उतरली की पंप ऑईलबरोबर हवाही ओढतो. ऑईल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते; म्हणून स्टिअरिंग धक्के देतं, टाकीत फेस दिसतो आणि पंप कण्हतो. अशा वेळी नुसतं ऑईल भरणं हा इलाज नव्हे.

या यंत्रणेमागचा माणूस मात्र गाडीवाल्यांना क्वचितच ठाऊक असतो. फ्रान्सिस डेव्हिस हा अमेरिकी इंजिनिअर पिअर्स-अ‍ॅरो कंपनीच्या ट्रक विभागात होता. अवजड ट्रक वळवताना चालकांची होणारी दमछाक त्याने जवळून पाहिली, नोकरी सोडली आणि १९२६ मध्ये चालतं पॉवर स्टिअरिंग गाडीवर बसवून दाखवलं. त्याच्या डोक्यातली कल्पना फार सुंदर होती. ऑईल सतत दाबाखाली कोंडून ठेवायचं नाही. ते वाहतं ठेवायचं आणि चालकाने स्टिअरिंग फिरवलं की तेवढ्यापुरती एका बाजूची वाट अडवायची. शेतात दारं धरणारा माणूस पाट बंद करत नाही, पाणी हव्या त्या वाफ्याकडे वळवतो, तसंच हे. अडलेल्या ऑईलचा दाब पिस्टनला ढकलतो आणि चाकं वळतात.

जनरल मोटर्सने ही कल्पना हाती घेतली, पण मंदीच्या काळात, १९३४ मध्ये, खर्चाच्या कारणाने सोडून दिली. १९५१ मध्ये क्रायस्लरने आपल्या इम्पीरियल गाडीत पॉवर स्टिअरिंग आणलं, ते डेव्हिसच्या मुदत संपलेल्या पेटंटांवर! पाव शतक जगाच्या पुढे असलेल्या माणसाचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

स्टिअरिंग टोकाला नेऊन धरून ठेवलं की वाट पुरती अडते, जादा दाब व्हॉल्व्हमधून सुटतो आणि ऑईल झपाट्याने तापतं. पार्किंग करताना ही सवय टाळा. हळू चालवतानाच स्टिअरिंग जड होत असेल तर पंपाचा बेल्ट सैल झालाय का, तेही पाहा. ऑईल मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच भरा. ब्रेक ऑईल चुकूनही नको, त्याने सील फुगून निकामी होतात. दुरुस्तीनंतर पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत अनेकदा सावकाश फिरवायचं, म्हणजे अडकलेली हवा निघते.

जपानमध्ये १९८८ साली सुझुकीच्या सेर्वो गाडीत विजेवर चालणारं स्टिअरिंग आलं. आज आपल्याकडच्या बहुतेक नव्या छोट्या गाड्यांत तेच असतं. त्यात पंप नाही, ऑईलही नाही. तेव्हा सर्व्हिसिंगच्या बिलात ‘स्टिअरिंग ऑईल’ दिसलं तर आधी मॅन्युअल उघडा, आणि जुन्या गाडीत ऑईल भरण्यापूर्वी मेकॅनिककडून गळती शोधून घ्या.