मैल सरले, दगड उरले

बाळापूर किती लांब, या साध्या प्रश्नाचे उत्तर गेल्या चार शतकांत तीन निरनिराळ्या मापांत दिले गेले. आधी कोस, मग मैल आणि आता किलोमीटर. माप बदलले की रस्त्याकडेचा दगडही बदलला. अंतर जेथून मोजायचे ते ठिकाण तर अनेकदा बदलले. जुना मैलाचा दगड म्हणूनच त्या काळच्या राज्यकारभाराचा कोरीव पुरावा ठरतो. रस्ते रुंद होत असताना हा पुरावा मात्र फारशी नोंद न होता नाहीसा होत आहे.

कोसांचा काळ

मन व म्हैस नद्यांच्या संगमावरील किल्ला आणि मिर्झाराजे जयसिंगांच्या नावाने ओळखली जाणारी छत्री यांमुळे बाळापूर इतिहासप्रेमींना परिचित आहे. मोगलांच्या वऱ्हाड सुभ्यातील हे महत्त्वाचे ठाणे. शाहजादा मुरादच्या छावणीतून उभे राहिलेले शाहपूर बाळापूरपासून सहा कोसांवर असल्याची नोंद 'ऐन-इ-अकबरी'त आढळते. अकबराने कोसाचे माप पाच हजार इलाही गज असे ठरविले होते. आजच्या हिशेबाने सुमारे चार किलोमीटर. आग्रा ते लाहोर या राजमार्गावर दर कोसाला मनोरे उभारण्यात आले. त्यांतील अनेक 'कोस मीनार' हरियानात आजही उभे आहेत. गावोगावचा कोस मात्र कमीअधिक असे. 'बारा कोसांवर भाषा बदलते' ही म्हण त्याच लवचिक मापाची आठवण देते.

मैल आला कोठून?

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपविला आणि मैल येथील व्यवहारात रुळू लागला. खुद्द इंग्लंडमध्ये मैलाच्या दगडांचा प्रसार टोलच्या रस्त्यांमुळे झाला होता. अठराव्या शतकात तेथे संसदेच्या कायद्याने विश्वस्त मंडळे नेमली जात. रस्ता आडवा बांधून पथकर घ्यायचा व त्यातून देखभाल करायची, असे त्यांचे काम. १७६७ पासून अशा रस्त्यांवर मैलाचे दगड बसविणे बंधनकारक झाले. वाटसरूला अंतर कळावे, टपालगाड्यांचे वेळापत्रक पाळले जावे आणि भाड्याच्या घोड्यांचे पैसे मैलागणिक आकारता यावेत, हे त्यामागील हेतू होते. थोडक्यात, दगडावरचा आकडा हा पैशाचा हिशेब होता.

महाराष्ट्रातील याचे ठळक उदाहरण मुंबईत आहे. १७१८ मध्ये उपासनेसाठी खुले झालेले फोर्टमधील सेंट थॉमस चर्च हा शहराचा आरंभबिंदू मानून उत्तरेकडे दगड बसविण्यात आले. त्यांवर रोमन आकड्यांत चर्चपासूनचे अंतर कोरलेले होते. पुढे पदपथांची उंची वाढत गेली आणि कित्येक दगडांचा केवळ माथा उरला. अलीकडच्या वर्षांत महापालिकेने त्यांतील काही दगड मोकळे करून त्यांचे जतन केले आहे.

विदर्भात या परंपरेची खूण नागपूरला सापडते. तेथील 'झिरो माइल' स्तंभ १९०७ मध्ये उभारला गेला. त्यावर हैदराबाद ३१८ मैल, जबलपूर १७० मैल, चांदा १२५ मैल अशी अंतरे कोरलेली आहेत. हा भारताचा मध्यबिंदू असल्याचा समज सर्वत्र रूढ आहे. प्रत्यक्षात तेथील मूळ दगड सर्वेक्षण खात्याने समुद्रसपाटीपासूनची उंची निश्चित करण्यासाठी बसविलेला आहे.

फर्लांगाची जागा

१९५६ च्या वजनमापे कायद्यानंतर देशात दशमान पद्धत आली आणि साठच्या दशकात रस्त्यांवर मैलांची जागा किलोमीटरने घेतली. एक मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर, त्यामुळे प्रत्येक दगडाची जागा व आकडा दोन्ही बदलणे भाग होते. मैलाचे आठ फर्लांग. एक फर्लांग २०१ मीटरचा. नव्या पद्धतीत दोन किलोमीटर-दगडांमध्ये दर २०० मीटरवर लहान दगड बसविण्याचा नियम झाला. फर्लांगाचे नाव गेले, अंतर मात्र जवळजवळ तेवढेच राहिले. आजच्या दगडाचा पिवळा माथा राष्ट्रीय महामार्ग दर्शवितो, तर हिरवा राज्य महामार्ग.

बाळापूरच्या बाबतीत महामार्गाचे महत्त्व विशेष आहे. रेल्वे गावात न येता पारसवरून गेली. गावाची भिस्त सडकेवरच राहिली. धुळे-अकोला-नागपूर हा महामार्ग दीर्घकाळ 'क्रमांक सहा' म्हणून ओळखला जाई. २०१० च्या फेररचनेत तो क्रमांक ५३ झाला. जुन्या दगडांवरील 'रा.म. ६' हा मजकूरही त्यामुळे इतिहासजमा झाला. याच मार्गाच्या अमरावती-अकोला टप्प्यात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरची एक मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत डांबरीकृत झाली आणि तिची गिनेस बुकात विक्रम म्हणून नोंद झाली.

वेगाने रस्ते होणे आवश्यकच आहे. अरुंद रस्त्यांवरील अपघात व कोंडी वऱ्हाडाने पुष्कळ सोसली आहे. मात्र कडेचा दगड उपटण्यापूर्वी त्याचे छायाचित्र, त्यावरील अक्षरे, तो कोणत्या गावाच्या हद्दीत व रस्त्याच्या कोणत्या बाजूस होता, एवढे टिपून ठेवण्यास पाच मिनिटे पुरतात. ब्रिटनमध्ये २००१ पासून मैलाच्या दगडांसाठी हौशी अभ्यासकांची स्वतंत्र संस्था आहे. सुमारे नऊ हजार दगड तेथे टिकून असल्याचे मानले जाते. आपल्याकडे शाळा, इतिहास मंडळे व बांधकाम खाते यांनी मनावर घेतल्यास तालुकावार यादी सहज होऊ शकेल. जागेवरून हलविलेला दगड ग्रामपंचायतीच्या अंगणात जपता येतो. पण तो मूळचा कोठला, हे टिपले नसेल तर त्यावरील आकडा निरर्थक होतो.