भिलाईच्या रात्रीची वीज

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. अशी भट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षे विझवावयाची नसते. तप्त वारा आत सोडणाऱ्या तांब्याच्या तोट्या वितळू नयेत म्हणून त्यांतून अखंड पाणी खेळवावे लागते, आणि ते पाणी खेळविणारे पंप चालतात ते विजेवर. जून २०१४ मध्ये याच कारखान्यात पंपघरातील बिघाडाने पाण्याचा दाब उतरला, विषारी वायूची गळती झाली आणि सहा जण प्राणास मुकले. तो दोष विजेचा नव्हता. परंतु पाणी थांबले म्हणजे काय होते, हे त्या दिवशी दिसले. सौर वीज बरी की अणुवीज, हा प्रश्न भिलाईत निघतो तो असा. येथील वीज आजही मुख्यत्वे कोळशाची आहे. कोळशाची जागा घेणाऱ्याने रात्रपाळीही सांभाळली पाहिजे.

भिलाईच्या पश्चिमेस, शेजारच्याच राजनांदगाव जिल्ह्यात, १०० मेगावॉटच्या सौर केंद्राचे उद्घाटन फेब्रुवारी २०२४ मध्ये झाले. दिवसाची वीज सायंकाळसाठी राखून ठेवणाऱ्या मोठ्या बॅटऱ्या तेथे बसविल्या आहेत. त्यांत १ लाख २० हजार युनिट वीज साठते. ४० मेगावॉटच्या हिशेबाने ती तीन तास पुरते. रात्र मात्र बारा तासांची. शिवाय श्रावणात आभाळ चार-चार दिवस उघडत नाही, तेव्हा बॅटरी भरावयाची कशाने?

आता तारापूरकडे वळू. तेथील पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ सालच्या. २००५ आणि २००६ साली प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या आणखी दोन सुरू झाल्या. यांपैकी एक भट्टी पूर्ण शक्तीने चालली, तर राजनांदगावच्या बॅटऱ्यांत मावणारी सारी वीज ती अवघ्या तेरा-चौदा मिनिटांत निर्माण करते, आणि तीही मध्यरात्री, भर पावसात.

एवढ्यावरून अणुशक्तीच्या बाजूने कौल देण्याची घाई करू नये. सौर केंद्र वर्षा-दोन वर्षांत उभे राहते. जैतापूरचा करार २०१० साली झाला आणि पंधरा वर्षे लोटली तरी तेथे अणुभट्टीचे बांधकाम सुरू झाले नव्हते. वापरलेले इंधन हजारो वर्षे सांभाळावे लागते, ते वेगळेच. दुसरी गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. अणुभट्टी बंद केली तरी तिची उष्णता लगेच निवत नाही. तिलाही झोतभट्टीप्रमाणे पाणी लागते. मार्च २०११ मध्ये जपानात फुकुशिमा येथे भूकंपानंतर भट्ट्या आपोआप थांबल्या होत्या. पुढे त्सुनामीच्या लाटांनी आणीबाणीची जनित्रे बुडविली, पंप थांबले आणि तीन भट्ट्यांचा गाभा वितळला.

तेव्हा भिलाईपुरते पाहता, दुपारची वीज सूर्याकडून घेण्यास हरकत नाही. ती स्वस्त पडते आणि लवकर मिळते. रात्रीच्या विजेसाठी मात्र बॅटऱ्या तीन तासांवरून बारा तासांवर जाईपर्यंत अणुवीज किंवा कोळसा यांतूनच निवड करावी लागेल.