कर्करोगानंतरची नेत्रखोबण: पुनर्रचनेचा मागोवा

दृष्टिपटलाच्या कर्करोगात, म्हणजे मुख्यतः पाच वर्षांखालील मुलांना होणाऱ्या रेटिनोब्लास्टोमात, जीव वाचवण्यासाठी डोळा काढावा लागला तर प्रश्न केवळ रूपाचा उरत नाही. खोबणीची हाडे आतील नेत्रगोलाच्या आधाराने वाढत असल्यामुळे ती रिकामी राहिल्यास चेहऱ्याची ती बाजू खुरटते.

ही पोकळी भरण्यासाठी १८८५च्या सुमारास मँचेस्टरच्या फिलिप म्यूल्स यांनी काचेचा पोकळ गोल वापरला खरा, पण तो डोळ्याच्या पांढऱ्या कवचात बसवलेला होता, आणि कर्करोगात असे कवच मागे ठेवणे धोक्याचे असल्याने, संपूर्ण नेत्रगोल काढून गोल बसवण्याची फ्रॉस्ट यांनी लवकरच सुचवलेली पद्धतच या रुग्णांच्या उपयोगाची ठरली. दुसऱ्या महायुद्धात अशा गोलांवर बसवायचे जर्मन काचेचे डोळे मिळेनासे झाले, तेव्हा कवळ्यांसाठी वापरले जाणारे ॲक्रिलिक कामी आले. पुढे १९८०च्या दशकात आर्थर पेरी यांनी सागरी प्रवाळापासून केलेले सच्छिद्र रोपण आणले, ज्याच्या छिद्रांत रक्तवाहिन्या शिरून ते शरीराशी एकजीव होते. मात्र ते महाग होते.

या इतिहासात पदार्थांचेच कौतुक अधिक झाले. वास्तविक निकाल ठरतो तो शिल्लक ऊतींवर. किरणोपचाराने रक्तपुरवठा घटतो, आतले अस्तर आखडते आणि कृत्रिम डोळा खोबणीत टिकत नाही. १९७८मध्ये स्मिथ व पेट्रेली यांनी मांडलेले त्वचामेद-रोपण, म्हणजे बहुधा नितंबावरील त्वचेच्या आतल्या थराचा मेदासह घेतलेला तुकडा, लहान मुलांत त्यांच्याबरोबर वाढूही शकतो. पण किरण दिलेल्या खोबणीत तोच विरघळण्याची भीती असते, म्हणून तेथे कानशिलाचा स्नायू किंवा हाताच्या त्वचेचा रक्तवाहिन्यांसह घेतलेला पट वापरावा लागतो. १९९०च्या दशकात रसायनोपचारांनी बाह्य किरणोपचार बराच मागे सारला. आनुवंशिक प्रकारात किरणांमुळे पुढे दुसरा कर्करोग होण्याचा धोका वाढतो, हे त्याचे मुख्य कारण होते, पण त्यातून खोबणींचेही जे भले झाले ते कोणत्याही नव्या रोपणाने झाले नसावे.

हैदराबादच्या शल्यचिकित्सकांनी २०१०मध्ये प्रसिद्ध केलेली चाचणी या दृष्टीने बोलकी आहे: डोळा हलवणारे स्नायू रोपणाला न बांधता वरच्या पातळ आवरणाच्या कोपऱ्यांशी शिवले, तर साध्या ॲक्रिलिक गोलावरचा कृत्रिम डोळाही महागड्या सच्छिद्र रोपणाच्या तोडीने हलतो, असे तीत आढळले. उपचाराचा खर्च अनेकदा कुटुंबालाच सोसावा लागतो अशा देशात टाक्याची जागा बदलण्याचे हे तंत्र प्रवाळापेक्षा मोलाचे आहे.