स्वयंपाकघरांतील प्लास्टिकचे डबे व त्यांचीं झांकणें

गृहव्यवस्था हा विषय केवळ मुलींच्या व त्यांच्या मातांच्या विचाराचा, अशी एक समजूत अद्यापि पुष्कळ घरांत आढळते. ज्या फडताळांतून आपला शाळेचा डबा रोज सकाळीं बाहेर निघतो, त्या फडताळाचें दार स्वतःच्या हातानें कधींही न उघडलेले विद्यार्थी आमच्या वर्गांत थोडेथोडके नाहींत. म्हणून प्रस्तुत लेख आम्ही मुलगे व मुली या उभयतांसाठीं, आणि अर्थात् त्यांच्या पालकांसाठींही, लिहीत आहों. विषय वरकरणी क्षुद्र दिसेल. परंतु पोळी तव्यावर, मूल दारांत, आणि भाजीच्या डब्याचें झांकण मात्र कोठेंच नाहीं, अशा वेळीं गृहिणीच्या जिवाची जी ओढाताण होते ती ज्यांनीं पाहिली आहे, ते त्यास क्षुद्र म्हणणार नाहींत. शिवाय या फडताळांतील अव्यवस्थेमुळें कधीं कधीं प्राणावरही बेततें. तें पुढें सांगूं.

आपल्या आजीच्या स्वयंपाकघरांत भांडीं कांहीं थोडीं नव्हतीं. तरी त्यांचा असा पसारा होत नसे. प्रत्येक भांडें पैसे मोजून घेतलेलें किंवा आहेरांत आलेलें असे. त्यावर मालकाचें अथवा देणाराचें नांव व बहुधा सालही घातलेलें असे. आणि लग्नकार्यांत शेजारीं गेलेलें पातेलें त्या नांवाच्या बळावर बिनचूक घरीं परत येई. मांडणीवर त्याची जागा ठरलेली असे. तें जुनें होऊन चेपलें, तरी मोडीचे पैसे येत. म्हणून निरुपयोगी भांडें घरांत ठेवून घेण्याचें कारणच नसे.

प्लास्टिकचा डबा अगदीं निराळ्या वाटेनें घरांत शिरतो. श्रीखंड संपतें, डबा राहतो. आइस्क्रीम संपतें, डबा राहतो. उपाहारगृहांतून आमटी येते ती डब्यासह. संक्रांतीच्या हळदीकुंकवांत वाण म्हणून एक डबी येते. बोहारीण जुन्या कपड्यांच्या बदल्यांत एक देऊन जाते. दिवाळीचा किंवा नाताळचा फराळ शेजारणीच्या डब्यांतून येतो. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करूं नये असा आपल्याकडे रिवाज आहे. रिवाज मोठा सुंदर खरा, पण त्यांत घालण्याजोगें कांहीं गोडधोड होईपर्यंत तो डबा आपल्याच फडताळांत महिनोगणती मुक्काम करितो! यांपैकीं एकही डबा घ्यावा कीं न घ्यावा असा विचार करून कोणीं घेतलेला नसतो. म्हणूनच तो ठेवावा कीं टाकावा याचाही विचार कोणी करीत नाहीं. आमच्या मतें सर्व पसाऱ्याचें मूळ येथें आहे. जागा अपुरी पडते हें मूळ नव्हे.

ज्या द्रव्यांचे हे डबे होतात तीं फारशीं जुनीं नाहींत. पॉलिएथिलीन हें इ. स. १९३३ सालीं इंग्लंडांतील इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या प्रयोगशाळेंत, भलत्याच हेतूनें चाललेल्या प्रयोगांत, अकस्मात् हातीं लागलें. पुढें अमेरिकेंतील अर्ल टपर यांनीं त्याचे खाद्यपदार्थांचे डबे बनविले, व इ. स. १९४६ च्या सुमारास ते बाजारांत आणले. रंगाच्या डब्याचें झांकण कांठाच्या खाचेंत जसें गच्च बसतें, तसें झांकण करण्याची कल्पना त्यांची. त्यांनीं स्थापिलेल्या टपरवेअर कंपनीनें सप्टेंबर २०२४ मध्यें दिवाळखोरीचा अर्ज केला. परंतु झांकणाची ती युक्ति आतां घरोघर झाली आहे. आज आपण वापरतों त्यांपैकीं बरेचसे डबे पॉलिप्रॉपिलीनचे असतात. इटलींतील जूलिओ नात्ता यांनीं तें स्फटिकरूपांत इ. स. १९५४ सालीं तयार केलें, आणि कार्ल त्सीग्लर यांच्यासमवेत त्यांस इ. स. १९६३ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां झांकणाची गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे, कारण पुढील सर्व व्यवस्था तीवर अवलंबून आहे. पितळेच्या किंवा स्टीलच्या साध्या डब्याचें झांकण कांठावरून खालीं सरकतें व घर्षणानें तेथें राहतें. तें जरा सैल असलें तरी काम भागतें. प्लास्टिकचें झांकण तसें नव्हे. डब्याच्या कांठावर एक बारीक उंचवटा असतो व झांकणाच्या कडेस आंतून खांच असते. झांकण दाबतांना किंचित् ताणलें जातें, उंचवट्यावरून उतरतें, आणि पूर्ववत् आंखडून कांठास घट्ट धरतें. केसभर अंतर पडलें तर तें बसत नाहीं, किंवा बसल्यासारखें दिसून दप्तरांत गेल्यावर उघडतें. (तेलकट रश्शानें रंगलेली भूगोलाची वही हा त्याचा पुरावा आम्ही प्रतिवर्षीं पाहतों.) प्रत्येक कारखान्याचा सांचा निराळा, म्हणून एकाचें झांकण दुसऱ्यास चालत नाहीं. तात्पर्य, डबा व झांकण या दोन वस्तु नसून तें एकच भांडें आहे. झांकण नसलेला डबा फार तर वाटीचें काम करील. डबा नसलेलें झांकण कोणतेंच काम करीत नाहीं.

एखाद्या सुटीच्या दिवशीं घरांतील सर्व डबे व सर्व झांकणें सतरंजीवर काढावीं आणि जोड्या लावाव्या. हें काम मुलांकडे द्यावें; पत्त्यांच्या खेळांत जोड्या लावण्याइतकाच आनंद त्यांस त्यांत होतो. ज्यांस जोडी नाहीं त्या वस्तु एका पिशवींत बांधून पंधरा दिवस ठेवाव्या. तेवढ्यांत शेजाऱ्यांकडून, शाळेंतून किंवा पलंगाखालून जोडीदार आला तर ठीक. न आला तर पिशवी भंगारवाल्याकडे जावी. ‘कधीं तरी उपयोगी पडेल’ हें वाक्य त्या दिवशीं घरांत कोणीं उच्चारूं नये. तडा गेलेले, वांकडे झालेले, कितीही धुतले तरी चिकट राहणारे डबेही त्याच वाटेनें जावेत. चिरेंत अन्नाचे कण अडकतात, व तेथवर घासणी पोंचत नाहीं.

निवड करितांना डब्याचा तळ पाहावा. तेथें त्रिकोण व त्यांत १ ते ७ पर्यंत एक अंक बहुधा असतो. ही खूण अमेरिकेंतील प्लास्टिक व्यावसायिकांच्या संस्थेनें इ. स. १९८८ सालीं काढली. ती द्रव्याची जात सांगते. डबा अन्नास योग्य आहे अशी हमी ती देत नाहीं, हा भेद पुष्कळांस ठाऊक नसतो. १ म्हणजे पेट, ज्याच्या पाण्याच्या बाटल्या होतात. तो सुमारें ७० अंश सेंटिग्रेड उष्णतेला मऊ पडूं लागतो, म्हणून त्यांत कढत पदार्थ घालूं नये. २ व ४ हीं पॉलिएथिलीनचीं दोन रूपें. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. उष्णता सोसण्यांत तें या सर्वांत सरस, व घरीं ठेवण्यास हेंच उत्तम. ३, ६ व ७ हे अंक ज्यांवर आहेत ते, किंवा ज्यांवर कांहींच खूण नाहीं ते, रोजच्या अन्नासाठीं आम्ही तरी ठेवणार नाहीं.

किती ठेवावे? घरांत सर्वांत अधिक डबे ज्या दिवशीं एकदम लागतात त्या दिवसाची संख्या घ्यावी, व तींत दोनतीन अधिक मिळवावे. चार माणसांच्या घरास आमच्या अंदाजें दहाबारा पुरतात. श्रीखंडाचे चांगले डबे चारपांच निराळे ठेवावे; ते दुसऱ्यांकडे पदार्थ पाठविण्यासाठीं. ते परत न आले तरी चित्तास रुखरुख लागत नाहीं.

नवे घेणें झालें तर एकाच आकाराचे, एकांत एक बसणारे व चौकोनी घ्यावे. वर्गांत भूमिति शिकणाऱ्यांनीं हिशेब करावा: चौरस जागेंत तिच्या रुंदीइतक्या व्यासाचा गोल डबा ठेविला तर शेंकडा ७८ च्या आसपास जागा भरते व उरलेली सुमारें पंचमांश कोपऱ्यांत फुकट जाते. शीतकपाटांत हा पंचमांश फार महाग पडतो.

यापुढें आजीच्या पितळी भांड्यांचा धडा गिरवावा. डब्याच्या तळाला बाहेरून व झांकणाच्या माथ्यावर, न पुसणाऱ्या शाईनें एकच अंक लिहावा. डबा ७ तर झांकणही ७. शाळेंत जाणाऱ्या डब्यावर नांवही लिहावें. शाई वर्षांतून एकदोनदां उजळावी लागते, एवढाच काय तो त्रास. इतकें केलें म्हणजे पांच वर्षांचें मूलही धुतलेले डबे बरोबर लावूं शकतें, आणि आईनें उभें राहून ‘तें नव्हे, तें’ असें सांगत बसण्याची गरज उरत नाहीं.

झांकण लावून ठेवावें कीं काढून, याविषयीं गृहिणींत मतभेद आहे. आमचें मत काढून ठेवावें असें आहे. लावून ठेविल्यास एका डब्याची जागा एक डबाच खातो. शिवाय आंत राहिलेल्या ओलीला कुबट वास येतो. प्लास्टिक पाण्यानें नीट भिजत नाहीं, त्यामुळें थेंब गोळे होऊन बसतात. आणि तें उष्णता धरून ठेवीत नसल्यामुळें स्टीलची वाटी वाळली तरी हा डबा ओलाच असतो. म्हणून तो उपडा न ठेवतां तिरपा, वारा आंत जाईल असा ठेवून वाळवावा, किंवा स्वच्छ फडक्यानें पुसावा. मग डबे एकांत एक, व झांकणें एखाद्या उथळ टोपलींत पुस्तकांसारखीं उभीं. झांकणास रबरी कडें असल्यास तें आठवड्यांतून एकदां काढून धुवावें. त्याखालीं काय सांचतें हें एकदां पाहिलें म्हणजे पुनः सांगावें लागत नाहीं. जागा ओट्याखालची, हाताशी येणारी असावी. शेगडीच्या वरची किंवा उन्हाच्या खिडकींतील नसावी. फिनेल व डांबराच्या गोळ्या यांजपासून हें फडताळ दूर असावें, कारण प्लास्टिक वास शोषून घेतें.

उष्ण अन्नाविषयीं दोन शब्द. इ. स. २०२० मध्यें डब्लिन येथील ट्रिनिटी कॉलेजांतील संशोधकांनीं पॉलिप्रॉपिलीनच्या दूधबाटल्या तपासल्या. ऊन पाण्यानें दूध तयार करितांना एका लिटरांत १ कोटि ६० लक्षांपर्यंत प्लास्टिकचे सूक्ष्म कण उतरत असल्याचें त्यांस आढळलें, व पाणी जितकें कढत तितके कण अधिक. या कणांनीं शरीरास काय होतें याचा शोध चालू आहे. तोंपर्यंत कढत आमटी स्टीलमध्यें निववून मग डब्यांत घालणें, व गरम करावयाची झाल्यास ती पातेल्यांत किंवा कांचेच्या भांड्यांत करणें, यांत आपलें कांहींच जात नाहीं. मात्र निववावयाचें म्हणून रात्रभर ओट्यावर ठेवूं नये. शिजलेलें अन्न दोन तासांच्या आंत शीतकपाटांत जावें, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. भाताविषयीं तर विशेष जपावें. त्यांतील एका जंतूचीं बीजें शिजवूनही मरत नाहींत, आणि त्यांपासून भात बाहेर राहिल्यास जें विष उत्पन्न होतें तें पुनः ऊन केल्यानेंही जात नाहीं. उथळ डब्यांत अन्न लवकर निवतें, हें डबा निवडतांना स्मरावें.

आतां ज्या गोष्टीसाठीं आम्हीं हा लेख मुख्यतः लिहिला ती. फडताळांतून उतरलेला जुना डबा किंवा बाटली पुष्कळ घरांत मोरींत जाते, व तींत फिनेल, संडास धुण्याचें आम्ल, रंगाचें टर्पेंटाइन किंवा झुरळांची पूड भरली जाते. मोठ्यांस ठाऊक असतें, मुलास नसतें. त्याच्या मनांत श्रीखंडाचा डबा म्हणजे श्रीखंड, व सरबताची बाटली म्हणजे सरबत. घासलेट घरोघर असे त्या काळीं पाण्याच्या बाटलींतून तें प्यालेलीं मुलें आपल्या देशांतील रुग्णालयांत वारंवार येत. घासलेट आतां शहरांतील घरांतून गेलें, पण संवय गेलेली नाहीं. अन्न ज्यांत एकदां ठेविलें त्यांत विषारी पदार्थ कधींही ठेवूं नये, वर चिठ्ठी लावूनही नाहीं. कारण ज्यास धोका अधिक त्यास वाचतां येत नाहीं. खाण्याचा सोडा व धुण्याचा सोडा हे जुळ्या डब्यांतून शेजारींशेजारीं ठेवणेंही तितकेंच अविचाराचें. पालकांनीं हा परिच्छेद वाचून होतांच मोरींतील फळीवर एकदां दृष्टि टाकावी, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.

शेवटीं हळदीच्या डागाबद्दल, कारण त्याविषयीं विद्यार्थिनींनीं आम्हांस अनेकदां विचारलें आहे. हळदीचा पिवळा रंग ज्या द्रव्याचा, तें पाण्यांत फारसें विरघळत नाहीं, तेलांत विरघळतें. आणि तेलाबरोबर प्लास्टिकच्या अंगांत शिरतें. म्हणून घांसून तो जात नाहीं. उन्हानें मात्र त्याचा नाश होतो. जोडी नसलेलें एखादें पांढरें झांकण घेऊन त्यास हळद कालवलेलें तेल चोळावें, एक दिवसानें साबणानें धुवावें, अर्ध्या भागावर काळा कागद बांधावा व गच्चीवर ठेवावें. दोनतीन दिवसांनीं कागद सोडून दोन्ही भाग ताडून पाहावे. रोजचा डबा मात्र यासाठीं एखादा दिवसच उन्हांत ठेवावा. जो सूर्यप्रकाश डाग खातो तोच फार काळ लागला तर प्लास्टिकही ठिसूळ करितो.