कुशीतील वेदना : मुतखड्यापलीकडील निदान

प्रस्तावना
बरगड्यांखाली, पाठीच्या एका बाजूला अचानक उठणारी तीव्र कळ म्हणजे मुतखडा, असा सर्वसाधारण समज आहे. सुरतसारख्या उष्ण हवामानाच्या शहरात तो पुष्कळदा खराही ठरतो. घाम जाऊन लघवी दाट होते व खडे बनतात. परंतु काही रुग्णांत कारण निराळे असते. ते ओळखण्यास उशीर झाल्यास मूत्रपिंड, प्रसंगी प्राणही गमवावा लागतो. अशा तीन कारणांचा विचार येथे केला आहे.

१) रक्तपुरवठा खंडित होणे
हृदयाचे ठोके अनियमित असल्यास किंवा हृदयाची झडप खराब असल्यास हृदयात रक्ताची गुठळी होऊ शकते. ती मूत्रपिंडाच्या धमनीत अडकली की तेथील भाग मृत होऊ लागतो. खड्यासाठी केलेल्या साध्या सीटी स्कॅनमध्ये हा दोष बहुधा दिसत नाही. रक्तातील एलडीएचचे वाढलेले प्रमाण संशय निर्माण करते. शिरेतून औषध देऊन केलेला सीटी स्कॅन निदान निश्चित करतो.

२) वायू निर्माण करणारा जंतुसंसर्ग
हा विकार प्रामुख्याने मधुमेही रुग्णांत आढळतो. कळीबरोबर ताप व उलट्या असतात. जंतूंमुळे मूत्रपिंडात वायू साठतो व तो सीटी स्कॅनमध्ये स्पष्ट दिसतो. अशा वेळी केवळ वेदनाशामक देऊन रुग्णास घरी पाठविणे धोक्याचे ठरते.

३) सिकल सेल
सुरत, तापी, डांग तसेच लगतच्या नंदुरबार, धुळे जिल्ह्यांतील आदिवासी समाजात हा आनुवंशिक दोष लक्षणीय आहे. मूत्रपिंडाच्या आतील भागात प्राणवायू कमी असल्याने तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात व सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद पडतात. मृत झालेला तुकडा सुटून मूत्रवाहिनीत अडकल्यास खड्यासारखीच कळ येते. लघवीतून रक्तही जाते. केवळ वाहक असलेल्या व्यक्तीतही असे घडू शकते. सन २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींच्या तपासणीवर भर आहे.

निष्कर्ष
खडा दिसला नाही म्हणजे आजार नाही, असे नव्हे. वसतिगृहातील विद्यार्थ्याला रात्री कळ आल्यास अनेकदा शिक्षकच त्याला दवाखान्यात नेतात. हृदयविकार, मधुमेह व सिकल सेल या तीन गोष्टींची माहिती त्यांनी डॉक्टरांना आपणहून दिल्यास निदानाचा मोलाचा वेळ वाचतो.