युवा रग्बी लीगमधील धोकादायक टॅकल व शिस्तभंग कारवाई

युवा रग्बी लीगमधील धोकादायक टॅकलवरील शिस्तभंग कारवाई म्हणजे रग्बी लीग या खेळात अठरा वर्षांखालील खेळाडूने प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यास, मानेस किंवा मणक्यास धोका निर्माण होईल अशा रीतीने त्याला अडविल्यास पंच व शिस्तपालन समिती यांच्याकडून केली जाणारी कारवाई होय. मैदानावरील पेनल्टीपासून अनेक सामन्यांच्या बंदीपर्यंतच्या शिक्षांचा तीत समावेश होतो. हा खेळ प्रामुख्याने उत्तर इंग्लंड, ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स व क्वीन्सलंड ही राज्ये, न्यूझीलंड आणि पापुआ न्यू गिनी येथे लोकप्रिय आहे. मुंबईच्या बॉम्बे जिमखान्यात खेळली जाणारी रग्बी ही रग्बी युनियन असून तिचे नियम व शिस्तव्यवस्था निराळी आहे. येथील माहिती तिला लागू नाही.

खेळातील टॅकलचे स्थान

१८९५ मध्ये उत्तर इंग्लंडमधील क्लबांनी खेळाडूंच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई देण्याच्या प्रश्नावरून मूळ संघटनेपासून फारकत घेतली आणि त्यातून रग्बी लीग आकारास आली. प्रत्येक संघात १३ खेळाडू असतात. चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूस प्रतिस्पर्ध्यांनी धरून थांबविणे म्हणजे टॅकल. चेंडू बाळगणाऱ्या संघास सलग सहा टॅकलपर्यंत आक्रमण करता येते व त्यानंतर चेंडू दुसऱ्या संघाकडे जातो. त्यामुळे एका सामन्यात शेकडो टॅकल होतात आणि खेळाचा बहुतेक वेळ त्यांतच जातो.

मराठी वाचकास कबड्डीतील पकड आठवेल, पण साम्य तेथेच संपते. येथे दोन्ही खेळाडू बहुधा परस्परांच्या दिशेने धावत येतात आणि धावणाऱ्याचे हात चेंडूत गुंतलेले असतात. खाली पडताना हात टेकून सावरण्याची संधी त्याला मिळतेच असे नाही. वाढत्या वयात आणखी एक अडचण येते. तेरा-चौदा वर्षांच्या दोन मुलांचे वय एकच असले तरी उंची व वजन यांत मोठी तफावत असू शकते. उंच मुलाने नेहमीच्या सवयीने पसरलेला हात बुटक्या मुलाच्या छातीऐवजी गळ्यावर येतो.

धोकादायक टॅकलचे प्रकार

खेळाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत खेळाडूंच्या गैरवर्तनाचे स्वतंत्र प्रकरण आहे. टॅकल करताना हेतुपुरस्सर, बेदरकारपणे अथवा निष्काळजीपणे प्रतिस्पर्ध्याच्या डोक्याशी किंवा मानेशी संपर्क करणे हे त्यानुसार गैरवर्तन ठरते. या तीन शब्दांतील शेवटचा शब्द महत्त्वाचा आहे. ‘मुद्दाम केले नाही’ हा बचाव शिक्षा कमी करू शकतो. गुन्हा पुसून टाकत नाही.

दुसरा गंभीर प्रकार म्हणजे उचलून आपटणे. प्रतिस्पर्ध्याचे पाय जमिनीवरून उचलले जाऊन त्याचे डोके किंवा मान प्रथम जमिनीवर आदळण्याची शक्यता निर्माण झाली, तर ते कृत्य धोकादायक मानले जाते. वाजवी काळजी घेऊनही ती स्थिती टाळता आली नसती, असे आढळले तरच त्यास अपवाद होतो. खेळाडू प्रत्यक्षात डोक्यावर पडला की नाही, हा प्रश्न येथे दुय्यम आहे.

हातांनी धरण्याचा प्रयत्न न करता केवळ खांद्याने धडक देणे, ज्यास ‘शोल्डर चार्ज’ म्हणतात, ते ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल रग्बी लीग या व्यावसायिक स्पर्धेत २०१३ च्या हंगामापासून बंद झाले. एकेकाळी प्रेक्षक अशा धडकांना उठून दाद देत. उर्वरित प्रकारांची नावे खेळाडूंच्या बोलीतून आली आहेत. वाकलेल्या खेळाडूच्या मानेवर आपल्या शरीराचा भार टाकणे हा ‘क्रशर’. मागून कंबर धरून त्याच्या पायांवर स्वतःचे वजन सोडणे हा ‘हिप-ड्रॉप’. दोघांनी उभा धरून ठेवलेल्या खेळाडूच्या गुडघ्यांवर तिसऱ्याने झेप घेणे हा ‘कॅननबॉल’. नावे गमतीची असली तरी पहिल्या प्रकारात मानेस आणि नंतरच्या दोहोंत गुडघ्यास व घोट्यास गंभीर इजा होऊ शकते. हे प्रकार बहुधा दूरचित्रवाणीवरील प्रौढ सामन्यांतून मुलांच्या मैदानावर उतरतात, कारण मुले आपल्या आवडत्या खेळाडूंची नक्कल करतात.

वयानुसार कडक नियम

मुलांसाठी टॅकलचे नियम प्रौढांपेक्षा कडक आहेत. ऑस्ट्रेलियात १५ वर्षांखालील गटापर्यंत ‘सेफप्ले’ नावाची संहिता लागू असते. प्रौढांच्या खेळात खांद्यापर्यंतची पकड चालते; या संहितेनुसार बगलेच्या वर संपर्क करण्यास मनाई आहे. प्रतिस्पर्ध्यास धरून गरगर फिरविणे किंवा झुगारून देणेही निषिद्ध आहे आणि त्याची पुढची गती थांबली की टॅकल पूर्ण झाला असे मानले जाते. अगदी लहान मुलांना आता प्रथम टॅकलविना खेळ शिकविला जातो. त्यात कमरेला लावलेली पट्टी ओढली की खेळाडू अडविला गेला असे धरतात. अंगाला अंग भिडविण्यापूर्वी पडायचे कसे आणि डोके कोणत्या बाजूस ठेवायचे, याचे प्रशिक्षण दिले जाते.

इंग्लंडची नियामक संस्था असलेल्या रग्बी फुटबॉल लीगनेही टॅकलची वैध उंची खांद्यावरून बगलेपर्यंत खाली आणण्याची शिफारस डिसेंबर २०२३ मध्ये मान्य करून घेतली. त्यावर खेळाडू व चाहत्यांतून बरीच टीका झाली. खाली वाकून टॅकल करणाऱ्याचेच डोके धावणाऱ्याच्या गुडघ्यास किंवा नितंबास आपटते, हा त्यातील एक आक्षेप होता आणि तो निराधार नव्हता. मेंदूला बसणाऱ्या धक्क्यांचा मोठा वाटा टॅकल करणाऱ्यांच्याच वाट्याला येतो.

कारवाईची पद्धत

व्यावसायिक स्पर्धांत प्रत्येक प्रसंग अनेक कॅमेऱ्यांनी टिपलेला असतो. सामन्यानंतर एक समिती चित्रफिती पाहून दोषारोप ठेवते व त्याची श्रेणी ठरविते. इंग्लंडमध्ये अनेक वर्षे ही श्रेणी ‘ए’पासून सर्वांत गंभीर ‘एफ’पर्यंत होती, ऑस्ट्रेलियात ती एक ते तीन अशी असून दोष लवकर कबूल केल्यास शिक्षेत सवलत मिळते. २०२२ पासून तेथे किरकोळ दोषांसाठी बंदीऐवजी दंडाची तरतूद झाली.

मुलांच्या सामन्यात यांतील फारसे काही नसते. शनिवार-रविवारच्या सकाळी एखाद्या उपनगरी मैदानावर एकच पंच असतो आणि तोही अनेकदा खेळाडूंहून दोन-चार वर्षांनीच मोठा. त्याच्यापुढे चार मार्ग असतात: पेनल्टी देणे, ताकीद देणे, दहा मिनिटांसाठी मैदानाबाहेर पाठविणे किंवा उरलेल्या सामन्यातून बाद करणे. बाद केल्यास त्याला लेखी अहवाल द्यावा लागतो आणि पुढील सुनावणीत तोच मुख्य पुरावा ठरतो. पालकांनी भ्रमणध्वनीवर टिपलेले चित्रण कधीकधी सादर केले जाते; परंतु ते एकाच कोनातून व बहुधा दुरून घेतलेले असल्याने हात गळ्यावर पडला की खांद्यावर, याचा निर्वाळा त्यातून क्वचितच मिळतो.

सुनावणी स्थानिक लीगची समिती घेते. तिचे सदस्य सामान्यतः स्वयंसेवक असतात, माजी खेळाडू व माजी पंच. अल्पवयीन खेळाडू एकटा हजर राहू नये, त्याच्यासोबत पालक किंवा क्लबचा जबाबदार प्रतिनिधी असावा, अशी रीत आहे. खेळाडूस आपली बाजू मांडता येते व दोष अमान्य करता येतो. पहिलाच प्रसंग आहे काय, टॅकल करणाऱ्याने हातांचा वापर केला काय, समोरचा खेळाडू अचानक वाकला किंवा घसरला काय आणि नंतर पंचांशी वर्तन कसे होते, या बाबी समिती पाहते. शिक्षा सामन्यांच्या संख्येत मोजली जाते. मुलांचा हंगाम छोटा असतो, त्यामुळे चार सामन्यांची बंदी प्रौढापेक्षा मुलाच्या वाट्याचा अधिक खेळ हिरावून घेते. याच कारणाने बंदीसोबत, किंवा तिच्याऐवजी, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली टॅकलचे तंत्र पुन्हा शिकविण्यावर भर द्यावा असे मत मांडले जाते. सदोष तंत्र मुलाने स्वतः शोधून काढलेले असते असे नाही. ते त्याला कोणीतरी शिकविलेले असते, निदान कोणी दुरुस्त केलेले नसते. तरीही सुनावणीस मूल उभे राहते, प्रशिक्षक नव्हे.

कृत्य की परिणाम

शिक्षा कृत्याच्या धोक्यावरून ठरवावी की झालेल्या इजेवरून, हा या क्षेत्रातील सर्वांत कठीण प्रश्न आहे. तो ठळकपणे पुढे आला प्रौढांच्या एका सामन्यात. २४ मार्च २०१४ रोजी मेलबर्न येथे न्यूकासल नाइट्स संघाचा २२ वर्षीय खेळाडू अ‍ॅलेक्स मॅकिनन याला मेलबर्न स्टॉर्मच्या तीन खेळाडूंनी उचलून खाली आणले. त्यात त्याच्या मानेच्या मणक्यांस इजा होऊन त्याचे हातपाय पांगळे झाले. टॅकल करणाऱ्यांपैकी एकास सात सामन्यांची बंदी झाली. ही शिक्षा फारच थोडी आहे असे एका बाजूचे म्हणणे होते. दुसरी बाजू विचारत होती की मॅकिनन उठून चालू लागला असता तर याच कृत्यास कितीशी बंदी झाली असती.

नियमांचा कल कृत्याकडे आहे हे वर आलेच. मुलांच्या बाबतीत तो अधिक योग्य वाटतो. निव्वळ योगायोगाने समोरचा मुलगा वाचला म्हणून धोकादायक टॅकल सोडून दिल्यास तो पुढच्या आठवड्यात पुन्हा होतो. उलट, वैध टॅकलमध्येही हाड मोडू शकते आणि अशा वेळी टॅकल करणाऱ्यास दोषी धरणे अन्यायाचे होते. व्यवहारात मात्र रुग्णवाहिकेतून गेलेल्या मुलाचे पालक समोर बसलेले असताना स्वयंसेवकांच्या समितीस ही रेषा पाळणे जड जाते.

मेंदूच्या दुखापतीनंतरचे नियम

डोक्याला धक्का बसलेल्या मुलास परत कधी खेळवावे, याचा निर्णय शिस्तपालन समितीकडे नसतो. त्यासाठी वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वे आहेत. ब्रिटनमध्ये २०२३ मध्ये सर्व हौशी खेळांसाठी आणि ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये १९ वर्षांखालील व स्थानिक पातळीवरील खेळाडूंसाठी अशी तत्त्वे प्रसिद्ध झाली. दोहोंनुसार स्पर्धात्मक सामन्यात परतण्यापूर्वी किमान २१ दिवस जावे लागतात. ऑस्ट्रेलियात अंगाला अंग भिडविणाऱ्या सरावापूर्वी सलग १४ दिवस कोणतेही लक्षण नसावे अशीही अट आहे. हा कालावधी बंदीशी जोडलेला नाही. परिणामी, निष्काळजी टॅकलबद्दल एका सामन्याची बंदी भोगलेला मुलगा पुन्हा मैदानात उतरलेला असतो, तेव्हा ज्याला त्याने पाडले तो अजून सीमारेषेबाहेर बसलेला असू शकतो.